बाबीकाकांच्या नावापुढची शून्यं

बाबीकाका, आधी माफी मागते. तुमच्याबद्दल लिहायचा हक्क खरं तर माझा नाही. तुमच्याशी खाडीच्या भिंतीवर गळ टाकून बसून चाळीस वर्षं भांडलेले पास्कल अंकल आहेत, त्याहून जास्त वर्षं तुमच्याबरोबर काढलेल्या काकू आहेत. मी समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी. तुम्हाला लहानपणापासून खिडकीतून बघत आले, पण ओळख झाली ती शेवटच्या दोन वर्षांत, आणि तीसुद्धा वादातून.

पण भिंतीवरच्या मंडळींनी ठरवलं की माशांची वही आता नवीन घ्यायची आणि तिच्या पहिल्या पानांवर तुम्ही असायला हवेत. लिहिणार कोण, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. "कॉलेज आहे ना!" मनसुखभाई म्हणाले. मी पास्कल अंकलना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. ते म्हणाले, "मला नको लावू या कामाला. मला जे लिहायचं होतं ते मी एकदा लिहिलं." तेव्हा ते काय म्हणतायत हे मला कळलं नव्हतं.

आमच्या घरात कुणी कधी असं काही लिहिलेलं नाही. पप्पा शाळेची बस चालवतात, आई डबे करते. आमच्याकडे लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि तो माझ्या बारावीनंतर मीच भरते. चुकलं तर तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. हसा.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा वही घेऊन बोरिवलीकडच्या गोराई जेट्टीवर आले तो रविवार आठवतो का? जेट्टीपासून थोडं पुढे खाडीला लागून दगडी भिंत आहे, तिच्यावर तुम्ही सात जण गरी टाकून बसला होतात. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आम्हाला सांगितलं होतं, प्रोजेक्टसाठी लांब जाऊ नका, घराजवळ काय जिवंत आहे ते बघा. माझ्या घराजवळ खाडी होती आणि खाडीत गरवणारे तुम्ही होतात. मी ठरवलं, गळाने मासे पकडणाऱ्यांनी काय काय आणि किती पकडलं ते वर्षभर लिहायचं. मला ते फार सोपं वाटलं होतं.

मी विचारलं, "काका, किती मिळाले?"

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "कालवणापुरते."

"म्हणजे किती?"

"कालवण किती माणसांचा, त्याच्यावर आसा."

पलीकडून पास्कल अंकल ओरडले, "बाबी, तिला सांग ना, लाजतो काय? नवरी बघायला आली काय ती?" सगळे हसले. माझे कान तापले. मी तशीच उभी राहिले, कारण परत गेले असते तर पुन्हा येण्याची हिंमत झाली नसती.

मग तुम्ही गरी दगडात अडकवून माझ्याकडे वळलात. "मोजूक नको गो," तुम्ही म्हणालात. "गरवणाऱ्यान मासो मोजूचो नाय."

मला वाटलं, नजर लागते, बरकत जाते असलं काहीतरी असणार. मी मनातल्या मनात तुम्हाला अंधश्रद्धाळू ठरवूनही टाकलं. तुमचं कारण तसलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. एकदा या भिंतीवर कुणीतरी शर्यत लावली होती, जास्त मासे ज्याचे तो राजा. त्या मोसमात जी माणसं एरवी बोटाएवढी पिल्लं न विचारता परत पाण्यात टाकायची, तीच माणसं आकडा वाढावा म्हणून पिल्लं पिशवीत भरायला लागली. "आकडो इलो काय हावरटपणा येता," तुम्ही म्हणालात. "मासो भुकेसाठी मार, नायतर मजेसाठी धर आणि सोड. आकड्यासाठी मारू नको."

मी म्हटलं, "पण मोजलं नाही तर मासे कमी झालेत की नाहीत हे कसं कळणार?"

"मी सांगतंय ना, कमी झालेत."

"तुम्ही सांगताय हे कुणी धरून चालणार नाही, काका. कागदावर पाहिजे."

तुम्ही माझ्याकडे रोखून बघितलंत. मी घाबरले होते. एवढं उलट मी घरीही कधी बोलले नव्हते. तुम्ही एवढंच म्हणालात, "बस थंय टपरीवर. येणाऱ्या जाणाऱ्याची पिशवी बघ, लिही. माका विचारू नको."

ती माझी परवानगी होती. मी त्यावर खूश होते.

भिंत संपते तिथे चहाची टपरी आहे आणि टपरीमागे नळ. गरी गुंडाळून घरी निघालेला प्रत्येक जण तिथूनच जायचा. मी बाकावर बसायचे, पिशव्या उघडायला लावायचे, मासे ओळखायचे, पट्टीने मोजायचे, लिहायचे. पास्कल अंकल समोरच्या गोराई गावातून बोटीने यायचे आणि मला बघून दर वेळी ओरडायचे, "आली बघ कॉलेज!" मनसुखभाई तर आधीच पिशवी उघडून उभे असायचे. मनसुखभाई मासे खात नाहीत, त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. घरी सांगतात, खाडीवर हवा खायला जातो. त्यांच्या पिशवीत मासा नसायचाच. मी लिहायचे, मनसुखभाई, शून्य. मला वाटायचं, बिचाऱ्यांना जमत नाही.

चुका मी पुष्कळ केल्या. पास्कल अंकल ज्याला जिताडा म्हणायचे त्यालाच तुम्ही मालवणी माणसं चोणक म्हणता, हे मला चार महिने माहीत नव्हतं. माझ्या तक्त्यात दोन वेगळे मासे झाले होते. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही भिंतीवरून पडायचे बाकी होतात. "पास्कल, तुझो जिताडो आणि माझो चोणक ह्या चेडवान वायले, वेगळे काढल्यान रे! एकाच घरातले दोन भाऊ!" पण मग तुम्हीच बसून मला भिंतीवरच्या प्रत्येक माशाची नावं सांगितलीत, तुमची, पास्कल अंकलची आणि बाजारातली. माझ्या प्रोजेक्टमधलं ते पान मॅडमना सर्वांत जास्त आवडलं. ते पान तुमचं आहे.

आठ महिने झाले. बोय, शिंगाळी, तांबोशी, काळुंदर, क्वचित एखादा जिताडा. मी आकडे मांडले. जवळपास प्रत्येक पिशवीत प्रत्येक रविवारी दोन ते चार मासे. मनसुखभाई सोडले तर रिकामी पिशवी एकही नाही. वहीच्या कोपऱ्यात मी एक गंमतही लिहून ठेवली होती: सगळे काका घरी जाण्याआधी नळावर हात खूप वेळ धुतात.

मॅडम म्हणाल्या, आकडे फार समान आहेत, पण छान आहे, महाविद्यालयांच्या एका छोट्या परिषदेत मांड. मी परिषद हा शब्द घरी तीनदा उच्चारला. आईने नवीन ड्रेस शिवायला टाकला. मी धावत भिंतीवर आले, तुम्हाला सांगायला. खोटं कशाला बोलू, तुम्हाला हरवायलाही आले होते.

मी म्हटलं, "काका, तुम्ही म्हणत होता ना मासे कमी झालेत? नाही झाले. आठ महिन्यांचे आकडे आहेत माझ्याकडे. आठ महिन्यांत मनसुखभाई सोडून कुणीही रिकाम्या हाताने गेलेलं नाही."

तुम्ही गळाला नवी कोळंबी लावायला लागलात. मला वाटलं, जिंकले. पास्कल अंकलनी तुमच्याकडे बघितलं आणि लगेच नजर पाण्याकडे वळवली. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

दुसऱ्या रविवारी तुम्ही स्वतः आमच्या दारात उभे. पप्पांना म्हणालात, "चेडवाक घेऊन जातंय." मला म्हणालात, "आज टपरीवर बसूचा नाय. माझ्या बाजूक बस."

मी बसले. सकाळी सात ते बारा. तुम्ही जिवंत कोळंबी लावलीत, मग पीठ लावलंत, मग जागा बदललीत. तुमची बोटं गाठ मारताना थरथरत होती आणि दोरा डोळ्यांपासून लांब धरून तुम्ही अंदाजाने ओवत होतात. भिंतीवरच्या सगळ्यांना गाठी मारायला शिकवणारा माणूस तुम्ही. पाच तासांत तुम्हाला एकही मासा लागला नाही.

बारा वाजता तुम्ही उठलात. "चल, हात धुवया."

आपण नळावर गेलो. तुम्ही हात धुतलेत, खूप वेळ धुतलेत. कोपरापर्यंत. परत आलो तेव्हा तुमच्या पिशवीत दोन बोय होत्या. भिंतीवरचे सहाही जण खाडीकडे बघत होते, जणू पलीकडे काहीतरी मोठं चाललंय.

"लिही," तुम्ही म्हणालात. "बाबी, शून्य."

"पण पिशवीत दोन आहेत."

"ते मनसुखचे."

मला एकदम काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. नळ, धुतलेले हात, समान आकडे, मनसुखभाईंची कायम रिकामी पिशवी. या भिंतीचा रिवाजच आहे की कुणाची पिशवी रिकामी घरी जाऊ द्यायची नाही. ज्याला काही मिळालं नाही तो गुपचूप नळावर जातो आणि तो परत येईपर्यंत बाकीचे त्याच्या पिशवीत घालतात; मासे न खाणारे मनसुखभाई तर आपले सगळेच. कुणी आभार मानत नाही, कुणी विषय काढत नाही. आणि मी आठ महिने बसले होते नळाच्या पलीकडे. सगळी वाटणी होऊन गेल्यावर मी मोजत होते. मी मासे मोजलेच नव्हते, तुमचा एकमेकांवरचा जीव मोजला होता आणि त्याला खाडी समजले होते.

मी तुमच्यावर चिडले, हे आता लिहिताना लाज वाटते. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलं? माझी वाट लागली, काका! पुढच्या आठवड्यात मला तिथे उभं राहायचंय."

तुम्ही म्हणालात, "सांगूचा नव्हताच. पण तू त्या दिवशी म्हणालंस, मासे कमी झाले नाहीत. ता आयकल्यावर माका झोप येना. चार रविवारात माका एक मासो गावता गो. कधी तोव नाय. माझी रिकामी पिशवी हाच पुरावो होतो आणि तो मीच लपवन ठेवलंय." मग म्हणालात, "तुझी वही खोटी आसा, ती माझ्यामुळे. आता खरी कर."

पास्कल अंकल उठले, गरी गुंडाळली, आणि तुमच्याकडे न बघता म्हणाले, "घरातली गोष्ट रस्त्यावर काढलीस बाबी. झक मारली तुझ्या बाजूला बसलो ते." आणि बोटीकडे चालायला लागले.

त्या क्षणी तुम्ही काय पणाला लावलंत हे मला तेव्हा अर्धंच कळलं. तुम्ही या भिंतीचे उस्ताद. लोक बोरिवलीच्या दुसऱ्या टोकाहून तुम्हाला गळ दाखवायला यायचे. आणि तुम्ही एका पोरीच्या वहीत स्वतःच्या नावापुढे शून्य लिहायला लावलंत. अख्ख्या भिंतीसमोर.

सगळ्यांत जास्त भीती तुम्हाला काकूंची होती. एवढी वर्षं दर रविवारी मासे घेऊन घरी येणारा नवरा. तुम्ही त्याच दुपारी जाऊन त्यांना सांगितलंत. मी त्या दोन बोय घेऊन तुमच्या मागे दारात उभी होते. काकू भांडी घासत होत्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "माका म्हायत हा," त्या म्हणाल्या. "तुमी धरलेलो मासो ओल्या फडक्यात गुंडाळलेलो येता. गेला वर्षभर पिशवीत नुसते टाकलेले येतत. तुमचे नव्हेत ते. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील." तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वर्षभर जे तुम्ही लपवत होतात ते त्या वर्षभर शिजवून तुम्हाला वाढत होत्या.

परिषदेत मी उभी राहिले. मी सांगितलं की माझे पहिल्या आठ महिन्यांचे आकडे वापरता येणार नाहीत, आणि का, तेही सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मला बक्षीस मिळालं नाही. पण मॅडम नंतर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या काकांना माझा नमस्कार सांग." मी तो तुम्हाला सांगितला. तुम्ही "बरां" म्हणालात आणि त्या दिवशी दोनदा चहा मागवलात.

त्यानंतर वही भिंतीवरच आली. टपरीवाल्याने खिळा ठोकून दिला, दोरीला पेन. त्यात तुम्ही मला एक रकाना वाढवायला लावलात. मी म्हटलं होतं, आता फक्त कोणी पकडला तेवढंच लिहू, पिशवीत काय गेलं ते सोडून देऊ. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. "मासो कोणी धरल्यान आणि कोणाच्या घराक गेलो, दोन्ही लिही. पयला खाडीचा खरां, दुसरा आमचा." मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते आपल्या डायरीत उतरवून घेतलं. गरवणाऱ्यांनी मासे मोजावेत की नाही या आपल्या वादाचं याहून चांगलं उत्तर मला कुठेही वाचायला मिळालेलं नाही. मोजलं की हावरटपणा येतो हे तुमचं खरं होतं. मोजलं नाही तर आपलेच लोक आपल्याला प्रेमाने फसवतात, हे माझं खरं होतं. तुम्ही दोन्हींसाठी जागा केलीत, एका उभ्या रेघेने.

पण बाकीचे तयार नव्हते. मासा मिळाला तर लिहायला यायचे. नाही मिळाला तर वहीकडे फिरकायचे नाहीत. "आमच्या नावावर भोपळा लिहायचा नाही," पास्कल अंकलनी जाहीर करून टाकलं होतं. तीन आठवडे ते तुमच्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले, पण वहीबद्दल नाही. मी त्यांना समजवायला गेले की रिकामा दिवस लिहिला नाही तर भरलेल्या दिवसाला काही अर्थ राहत नाही. ते म्हणाले, "ए कॉलेज, माझ्या बापाने या खाडीत जाळं टाकलं. मी शून्य लिहू? बापाला काय तोंड दाखवू?"

तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "सोड. माझाच लिहीत रवा. एकाचा तरी खरां आसूक व्हया."

आणि तुम्ही लिहीत राहिलात. बाबी, शून्य. बाबी, शून्य. बाबी, एक, काळुंदर, टपरीवाल्याकडे पाहुणे आले म्हणून त्याच्या घरी. बाबी, शून्य. पूर्ण एक मोसम. त्या वहीत बाकी सगळे कधीच हरत नाहीत आणि तुम्ही सारखे हरता. कुणी अनोळखी माणूस ती वही चाळेल तर म्हणेल, हा बाबी कोण, ह्याला काहीच येत नाही वाटतं. काका, मला आयुष्यात इतका अभिमान कुठल्याच माणसाचा वाटलेला नाही. प्रोजेक्टमध्ये मी तुम्हाला आधी "व्यक्ती क्रमांक १" लिहिलं होतं. तुम्ही ते खोडायला लावलंत. "नंबर कशाक? नाव लिही. भोपळो माझो, तर नाव पण माझाच."

एक भांडण आपलं राहून गेलं. पिल्लू मासा लागला की तुम्ही तो ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात ठेवायचात, टाकायचा नाहीत, ठेवायचात. मी म्हणायचे, सोडलेलाही लिहा, तोच सगळ्यांत महत्त्वाचा, तो आहे म्हणजे उद्या आहे. तुम्ही म्हणायचात, "जो सोडलो तो माझो न्हय, खाडीचो. तेका माझ्या नावावर कसो लिहू?" मी तुमच्या नकळत एकदा लिहिला होता, बाबी, जिताडा, वीतभर, सोडला. तुम्ही वही बघितलीत आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी ती ओळ खोडली. आता वाटतं, खोडायला नको होती. आता वाटतं, बरं झालं खोडली. माझं ठरत नाही, आणि ठरवायला तुम्ही नाही.

मग तुमचा खोकला वाढला. हॉस्पिटलमध्ये तुम्हाला नेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आठवड्यात परत येतील. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. मी तुम्हाला एकदाच भेटायला आले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तुम्ही हाताने विचारलंत, वही? मी म्हटलं, चालू आहे. तुम्ही एक बोट वर केलंत आणि मान तिरकी केलीत. मला कळलं, तुम्ही विचारत होतात, अजून एकटाच का मी? मी म्हटलं, "होईल काका." म्हणजे हो, अजून एकटेच. तुम्ही डोळे मिटलेत.

मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात.

मला सगळ्यात जास्त तेच टोचत राहिलं. तुम्ही गेलात ते एकटे शून्यवाले म्हणून. तुम्ही जे केलंत ते कुणी पुढे नेलं नाही असं समजून. मी तुमचे आभार मानले नव्हते, कधीच नाही. मला वाटायचं, पदवी हातात आली की पेढे घेऊन येईन आणि तेव्हा सगळं एकदम बोलेन. आमच्या घरातली पहिली पदवी आहे ती. तिच्यात तुमची शून्यं आहेत.

तेराव्यानंतर मी भिंतीवर गेले. वही खिळ्याला तशीच होती. मी परीक्षेमुळे तीन आठवडे उघडली नव्हती. तुम्ही जाण्याआधीच्या रविवारचं पान उघडलं आणि मी तिथेच टपरीच्या बाकावर बसले.

पहिली ओळ होती: पास्कल. पुढे एक मोठं, वेडंवाकडं शून्य, पेन दाबून दाबून काढलेलं, कागदाला भोक पडेपर्यंत. खाली आणखी चार नावं, प्रत्येकाचं अक्षर वेगळं, प्रत्येकापुढे शून्य. शेवटी मनसुखभाईंचं नाव, गुजराती वळणाच्या अक्षरात. मनसुखभाई, एक, बोय. आणि दुसऱ्या रकान्यात, कोणाच्या घरी: बाबी.

मला रडू आवरेना. मी तशीच काकूंकडे गेले आणि म्हटलं, "काकू, त्यांनी लिहिलं. सगळ्यांनी. पण काकांना कळलंच नाही."

काकूंनी मला पाणी दिलं. मग त्या जे म्हणाल्या ते मी आहे तसं इथे लिहिते, कारण ही वही त्यासाठीच आहे.

"कळला तेंका," काकू म्हणाल्या. "सोमवारी दुपारी पास्कल इलो हॉस्पिटलात. चर्चात मिसाक जाताना घालता तो इस्त्रीचो शर्ट घालून. ती वही शर्टाच्या आत लपवन आणलेली, वॉर्डात सोडणत नाय म्हणान. ह्यांचो चष्मो घराक ऱ्हवलेलो, म्हणान मोठ्यान वाचून दाखवल्यान, एकेकाचा नाव. बाजूच्या खाटेवरचे पण आयकत होते. मनसुखच्या बोयीचा कालवण मी डब्यात नेलेला, दोन चमचे खाल्ले. मग ह्यांनी मास्क बाजूक केलो आणि म्हणाले, पास्कल, अक्षर दाखव. त्यान वही डोळ्यांसमोर धरली. ह्यांनी त्या शून्यावर बोट फिरवल्यानी, सगळो वेढो पुरो केल्यानी, आणि म्हणाले, मस्त गोल काढलंस रे."